तीन नंबरचा फोन

३ फेब्रुवारी, सोमवार

वही कॉलेजचीच आहे. पुढच्या पानांवर अर्धवट सोडवलेली गणितं आहेत, ती तशीच राहू दिली आणि मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. मामा म्हणतो, "रोज काय केलंस ते लिहून ठेवत जा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडतं." त्याला कामाबद्दल म्हणायचं होतं. मी मला वाटेल ते लिहिणार.

मामाची कंपनी म्हणजे मामा, मी आणि लाथ घातल्याशिवाय मागचं दार न उघडणारी एक व्हॅन. आम्ही ऑफिसांमध्ये टेलिफोन बसवतो. आता पहिल्यांदाच मोठं काम मिळालंय, रुग्णालयाचं. तिथला फोन जोडायचा जुना बोर्ड जाणार, आणि बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी सर्व्हरवर येऊन मग तिथून ऑपरेटरकडे जाणार. सर्व्हर मी लावायचा. मामाला तारा कळतात, सॉफ्टवेअर कळत नाही. "कॉलेजात निदान एवढं तरी शिकलास," असं तो म्हणाला, आणि लगेच "चिडू नकोस, काडेपेटी," असंही म्हणाला. घरात मला आता सगळे काडेपेटीच म्हणतात. प्रयोगशाळेत सरांच्या अंगावर ओरडून मी कॉलेज सोडलं, त्याचं हे बक्षीस.

ऑपरेटरांची खोली तळमजल्यावर, जिन्यामागे आहे. तिला खिडकी नाही, बाहेरच्या बोळाकडे एक काच तेवढी आहे. तीन टेबलं, तीन खुर्च्या. तिथे एकमेकांना नंबराने हाक मारतात. एक नंबर म्हणजे काकू, निवृत्तीला आलेल्या. दोन नंबरला सगळे रेडिओ म्हणतात, कारण फोन नसला तरी त्याचं चालूच असतं.

आणि तीन नंबर.

तिने हेडसेट काढला, कानाच्या वर दोन्ही बाजूंना चोळलं आणि मला विचारलं, "हे कुणाच्या डोक्याच्या मापाने करतात हो? लहान मुलांच्या?"

मी म्हटलं, "मी फक्त सॉफ्टवेअर बघतो."

"मग सांगा तुमच्या सॉफ्टवेअरला."

पुढे मी काय काय मोजमापं घेतली ते आता आठवत नाही. उद्या परत घ्यावी लागतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोजमापं परत घेतली. मामाने कारण विचारलं नाही, नुसता हसला.

सगळ्या विभागांची नावं आणि आतले नंबर भरायचं काम चालू आहे. हाडांचा विभाग वर्षभरापूर्वी वरच्या मजल्यावर गेला, पण जुन्या बोर्डावर अजून खालीच आहे. "मग फोन कसा जोडता?" मी विचारलं.

"आठवणीने," काकू म्हणाल्या.

मी मुद्दाम तीन नंबरच्या शेजारी स्टूल घेऊन बसतो. तिथून स्क्रीन नीट दिसतो, असं सगळ्यांना सांगितलंय. आज एक माणूस फोनवर धापा टाकत नुसताच 'हॅलो हॅलो' करत होता. तिने विचारलं, "बाळाचे वडील का? अभिनंदन मागाहून करते, आधी दुसऱ्या मजल्यावर जोडते." फोन जोडून माझ्याकडे वळली. "धाप लागली की दोनच गोष्टी असतात. एकीत माणूस हसत धापा टाकतो." तेवढ्यात पुढचा फोन वाजला, आणि पुन्हा तोच ताजा आवाज, जणू दिवसातला पहिलाच फोन. एवढे फोन. एका माणसावर केवढा भार.

ती मला तुम्ही म्हणते. रेडिओला तू म्हणते, बाहेरच्या पहारेकऱ्याला तू म्हणते, मला तुम्ही. एकदा तिच्या तोंडून तू ऐकायचंय. बाकी काही मागणं नाही. (आहे.)

९ फेब्रुवारी, रविवार

घरी. बाबा माझ्याशी अजून आईमार्फतच बोलतात. "त्याला विचार, परीक्षेचा फॉर्म भरणार आहे का." मी समोरच बसलेलो असतो. आई मला विचारते, मी आईला सांगतो, आई बाबांना सांगते. आमच्या घरचा बोर्डही जुनाच आहे, पण आईला कुणी बदलणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज डोकं फिरलं. सकाळी सर्व्हर बंद. कारण काय, तर फरशी घासायच्या यंत्रासाठी कुणीतरी आमचा प्लग उपटला. मी बोळात उभा राहून असा काही ओरडलो की वरच्या मजल्यावरून परिचारिका डोकावल्या. तीन नंबर काचेमागून उठून आली, प्लग परत लावला आणि म्हणाली, "ओरडून वीज येत नाही. आली असती तर तुमच्यावर अख्खं रुग्णालय चाललं असतं."

सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

परत येताना व्हॅनमध्ये मामा म्हणाला, "नवीन यंत्रणा आली की तिघांचं काम दोघांत होईल, असं मॅडमना वाटतंय. म्हणून तर घेतली. महिनाभर चालवून बघणार, मग आकडे पाहून एकाला कमी करणार."

मॅडम म्हणजे रुग्णालयाच्या कार्यालयप्रमुख. मी म्हटलं, "हे वाईट आहे."

"आहे. आपण फोन जोडायचे. माणसं तोडायची की नाही, ते त्यांनी बघायचं."

मला वाटतं काकू जातील. तशाही त्या निवृत्तीला आल्यात. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भल्या सकाळी, फोन कमी असताना, जुना बोर्ड बंद केला आणि सर्व्हर चालू केला. थोडा वेळ कुठलाच फोन वाजला नाही. मामा भिंतीला टेकून उभा होता. मग काकूंचा वाजला. नंतर रेडिओचा. नंतर तिचा. पाळीपाळीने, आखून दिल्यासारखे.

तिने पहिला फोन जोडला, माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि पुढचा घेतला. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेजात इतकी वर्षं कुणी मारली नव्हती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी एक गोष्ट केलीय. इथेच लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची नाही.

दुपारी ती डोकं धरून बसली होती. दोन्ही हातांनी कानांच्या वर दाबत होती, डोळे मिटून. फोन वाजला की डोळे उघडायचे, तोच आवाज, आणि ठेवला की पुन्हा डोकं हातात. काकूंनी विचारलं, तर म्हणाली, "ठणकतंय नुसतं." मला बघवेना.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ऑपरेटरपुढे एक आकडा टाकायचा असतो. सगळ्यांपुढे एक असला की फोन पाळीपाळीने जातात. मी तिच्यापुढे दोन टाकला. आता फोन आधी काकू आणि रेडिओकडे जाणार. ते दोघंही बोलत असतील, आणि फोनने वाट बघितली, तरच तिच्याकडे.

लोक फुलं देतात. मी तिला शांतता दिली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने विचारलं, "माझ्या मशीनमध्ये काही बिघाड आहे का? फोनच येत नाहीत."

मी टेबलाखाली शिरलो, वायर काढून परत लावली, गंभीर चेहरा करून बाहेर आलो. "सगळं ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की. आराम करा थोडा."

ती टेबलाकडे वळली. कापसाच्या बोळ्याने कीबोर्डची एकेक कळ पुसत बसली. कालही पुसत होती. मला बरं वाटलं. डोकं धरून बसलेली आता दिसत नाही.

काकूंचा आवाज मात्र बसलाय. रेडिओ म्हणाला, "माझंही स्टेशन बंद पडायला आलंय. तीन नंबर, तू काय सुट्टीवर आहेस का?" ती हसली नाही. रेडिओला बोलायचं भान नाही, एकदा समजावलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज ती सर्व्हरच्या खोलीत आली. आपण होऊन. खोली म्हणजे धुतलेल्या चादरी ठेवायच्या जागेचा एक कोपरा. पंख्यांचा आवाज, साबणाचा वास आणि ती.

तिने विचारलं, "कुणाला किती फोन गेले, हे यात कळतं?"

"सगळं कळतं. महिन्याचा अहवालच निघतो."

"आणि हे कुणाला जास्त, कुणाला कमी असं देतं का?"

मी म्हटलं, "सॉफ्टवेअरला आवडनिवड नसते."

"ते लावणाऱ्याला असेल."

"लावणारा मीच आहे की."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही कशाला असं कराल म्हणा," आणि हसली. बारीकसं.

तेव्हाच सांगायला हवं होतं का? जिभेवर आलं होतं. पण भेट दिली आणि लगेच किंमत सांगितली, असं झालं असतं. योग्य दिवस बघून सांगेन. ती जाताना चादरींचा गठ्ठा नीट करून गेली. एक चादर आधीच नीट होती, तीसुद्धा. म्हणजे तिलाही निघायचं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

वाईट दिवस. एक माणूस काचेपाशी येऊन ओरडायला लागला. त्याची आई वरच्या मजल्यावर दाखल आहे. सकाळी फोन केला, तो वाजतच राहिला, शेवटी ठेवून तो बसने इथवर आला. आईला तोवर दुसऱ्या खोलीत हलवलेलं. रिकामी खाट बघून तो काय समजला असेल ते त्यालाच माहीत. आई ठीक आहे. समोर तीनपैकी एकच ऑपरेटर मोकळी दिसली, म्हणून तो सगळं तिलाच बोलला. "बसून काय राहता? फोन घ्यायला काय होतं?"

मी मध्ये पडलो. त्याची कॉलर धरली, म्हणजे धरणार होतो, पहारेकऱ्याने मला मागे ओढलं. तीन नंबर त्या माणसाला म्हणाली, "तुमचं बरोबर आहे." मग त्याला पाणी आणून दिलं आणि आईच्या खोलीपर्यंत स्वतः सोडून आली.

परत आल्यावर काकूंना सांगत होती. "दिसत होता हो मला तो फोन. स्क्रीनवर थांबलेला दिसत होता. मी बटण दाबत होते, येतच नव्हता. माझ्याकडे यायच्या आधीच त्याने ठेवला."

संध्याकाळी निघण्याआधी मी वाट बघायचा वेळ कमी केला. आता दोघं बोलत असले की फोन लवकर तिच्याकडे जाईल. तिच्यापुढचा दोन तसाच ठेवला. त्या माणसाला थोडा धीर असता तर काही झालं नसतं. हे वाक्य मी लिहिलंय खरं, पण ते मला पटत नाहीये. खोडत नाही.

१० मार्च, सोमवार

मॅडमनी महिना भरायच्या आधीच अहवाल मागितला. मी रंगीत काढून दिला, उभ्या पट्ट्यांचा. काकूंची निळी, रेडिओची हिरवी, तिची केशरी. दोन उंच आणि एक बुटकी. तिची पट्टी अगदी तिच्यासारखी दिसते, लहानशी, नीटनेटकी. कागद वर नेताना मी तिच्या खोलीवरून मुद्दाम गेलो.

मॅडम म्हणाल्या, "काम स्पष्ट करता तुम्ही. बघितलं की कळतं." मामाला हे सांगितलं तेव्हा त्याने गाडी चालवता चालवता शीळ घातली.

१४ मार्च, शुक्रवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

दुपारी खोलीत शिरणार तोच काकूंचा आवाज ऐकू आला. "असं कसं सांगितलं? एक तारखेपासून?"

"एक तारखेपासून नको," ती म्हणाली. "मॅडमनी कागद दाखवला. म्हणाल्या, तुमच्याशिवाय या दोघांनी सगळं केलंय, मी काय करू तुम्हीच सांगा. काकू, मी खरंच काही केलेलं नाहीये. महिनाभर बसून होते."

"आम्ही सांगतो त्यांना."

"काय सांगणार? फोन येत नव्हते म्हणून? तिघांच्या टेबलांवर तेच यंत्र आहे. त्या म्हणतील, मग इतरांना कसे आले?"

रेडिओ गप्प होता. पहिल्यांदाच.

मी दार ढकललं नाही. जिन्याकडे पळालो. मॅडमच्या खोलीत जाऊन टेबल उलटं करायचं, एवढंच डोक्यात होतं. अर्ध्या जिन्यावर असताना मनात वाक्य जुळवायला लागलो, की तुम्हाला लाज कशी वाटत नाही, एका मुलीला, काही कारण नसताना... आणि तिथेच थांबलो. कारण होतं. रंगीत काढून मीच दिलं होतं.

जिन्याच्या वळणावर बसून राहिलो. येणारे-जाणारे मला कुणाचा तरी नातेवाईक समजत होते. एका बाईंनी विचारलंही, "कोण आहे तुमचं आत?"

१५ मार्च, शनिवार

आकडा गुपचूप बदलता येईल. कुणाला कळणार नाही. पुढच्या महिन्यात पट्ट्या सारख्या दिसतील, पण पुढच्या महिन्यात ती तिथे नसेल.

खरं सांगितलं तर मामाचं काम जाईल. त्याने पहिल्यांदा मोठं काम घेतलं ते माझ्या भरवशावर.

आणि तिला कळेल. सगळ्यात आधी हेच मनात आलं होतं, खरं तर. मामाचं मी आधी लिहिलं ते चांगलं दिसावं म्हणून.

१७ मार्च, सोमवार

सकाळी व्हॅनमध्ये मामाला सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"का केलंस?"

"तिचं डोकं दुखत होतं."

मामाने माझ्याकडे बघितलं. मग गाडी सुरू केली. "चल. आधी मी बोलणार नाही. तूच बोल."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन उचलून खाली सांगितलं, "तीन नंबरला वर पाठवा." मला म्हणाल्या, "आता हेच पुन्हा सांगा. त्यांच्यासमोर."

ती दारातच उभी राहिली, ओढणीच्या टोकाने हात पुसत. बहुतेक कळाच पुसत असणार. मी सांगितलं. आकडा सांगितला, कुठल्या दिवशी टाकला ते सांगितलं, वाट बघायचा वेळ मागून कमी केला तेही सांगितलं. कारणही सांगितलं. तेवढं मी जमिनीला सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं होतं मी दमलेय?" ती म्हणाली.

"डोकं धरून बसला होतात."

"हेडसेटची पट्टी घट्ट होती. पहिल्या दिवशी मी तुलाच सांगितलं होतं. काकूंनी उलट्या बाजूला वाकवून सैल करून दिली, संपलं. त्याला काय लागतं?" तिचा आवाज चढला नव्हता. फोनवर लागतो तेवढाच होता. "महिनाभर मी घरी जाऊन आईला विचारत होते, माझा आवाज वाईट आहे का. त्या माणसाने मला काचेपाशी जे ऐकवलं, ते मी ऐकून घेतलं, कारण मला वाटलं त्याचं बरोबर आहे. आणि तू टेबलाखाली शिरून वायर बघत होतास. तू मला म्हणालास, आराम करा."

तिने ओढणीचं टोक सोडलं.

"मला ते काम आवडतं," ती म्हणाली. "एवढं तरी दिसलं असेल ना तुला, शेजारी स्टूल टाकून बसायचास ते?"

तू. इतक्या वेळा. मी मागितलं होतं तेच.

मॅडम मामाला म्हणाल्या, "एक तारखेचं मी थांबवते. महिनाभर परत मोजू, सगळ्यांना सारखं देऊन. देखरेख तुमच्याकडेच राहू दे, पण हा मुलगा इथे दिसायला नको."

"नाही दिसणार," मामा म्हणाला.

चादरींच्या कोपऱ्यात मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या, आणि मी दोन खोडून एक टाकला. एक कळ. बाहेर पडताना काचेवरून जावंच लागतं. मी बुटांकडे बघत गेलो. मागे फोन वाजत होता, पण कुणाचा ते वळून बघितल्याशिवाय कळलं नसतं, आणि मी वळलो नाही.

२४ मार्च, सोमवार

एका गोदामात शिडीवर उभं राहून छताला तारा ठोकतोय. सॉफ्टवेअर नाही. मामा खालून शिडी धरतो आणि हवामान सोडून काही बोलत नाही. खांदे भरून आलेत.

घरी आलो तर बाबा ओट्यापाशी उभे होते, आई बाहेर गेलेली. मला वाटलं आता मध्ये कुणीच नाही तर बोलणार कसे. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "मामा म्हणाला, तू स्वतः जाऊन सांगितलंस."

"हो."

"ओरडलास का?"

"नाही."

"हं," म्हणाले, आणि आपला कप घेऊन आत गेले.

११ एप्रिल, शुक्रवार

मामा आज रुग्णालयात जाऊन आला. आल्यावर हातपाय धुतले, जेवला, आणि मग जरा सावकाशीने सांगितलं. मी विचारणार नव्हतो, हे त्याला कळलं होतं बहुतेक.

महिना पुरा व्हायच्या आधीच तीन नंबर स्वतः मॅडमकडे गेली. दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. म्हणाली, तुम्हाला बघायचं होतं ना, दोन माणसांत भागतं का? या मुलाने ते करून ठेवलंय. आधीचे चार आठवडे दोनच माणसांचे होते, मी नुसती बसलेली. माझ्या पट्टीकडे बघू नका, कंटाळून किती लोकांनी फोन ठेवला तो रकाना बघा. आणि आता तिघं घेतोय तेव्हाचा बघा.

तो रकाना खालच्या बाजूला असतो. त्याची पट्टी निघत नाही. मी तो रंगवला नव्हता.

"मग?"

"मॅडमनी बघितला. वर्षअखेरपर्यंत तिघंही राहणार, पुढचं पुढे." मामा पाणी प्यायला. "हुशार मुलगी आहे. तुझ्या चुकीचं काहीतरी केलं तिने. तू नुसती चूक केलीस."

मी म्हटलं, "माहीत आहे." आणि मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

काकूंचा घसा सुधारलाय म्हणे. रेडिओ पुन्हा चालू आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

मामीचे डोळे तपासून घ्यायचेत. मामी म्हणाली, "तूच लाव रे फोन, तुझ्या ओळखीचं आहे ना ते रुग्णालय." मामा पेपरमागून बघत होता. नाही म्हणायला कारण सुचेना.

तीन माणसं, सगळ्यांपुढे एक. जो सगळ्यात जास्त वेळ मोकळा असेल त्याच्याकडे जाणार. मीच लावलंय. काकू असतील तर काय बोलायचं ते ठरवलं, रेडिओ असेल तर काय तेही ठरवलं.

"नमस्कार, रुग्णालय. कुणाशी बोलायचंय?"

तोच आवाज. दिवसातला पहिलाच फोन असावा असा. मी सांगितलं, डोळ्यांच्या विभागात वेळ हवीय, मामीसाठी.

पलीकडे अगदी थोडा वेळ काहीच नाही. तिने ओळखलं. मला खात्री आहे, माझा आवाज ती ओळखणार नाही असं होणार नाही. किंवा ती नुसती नंबर शोधत असेल. तेही होऊ शकतं.

"डोळ्यांचा विभाग आता पहिल्या मजल्यावर गेलाय," ती म्हणाली. "येताना जुने कागद आणायला सांगा. बुधवारी सकाळी चालेल?"

"चालेल."

"नोंदवलं. अजून काही?"

अजून खूप काही होतं. गोदामाच्या छताखाली कित्येक दिवस तेच जुळवत होतो. तिच्या मागे फोन वाजायला लागला होता, मग दुसरा.

मी म्हटलं, "नाही."

"मग ठेवा," ती म्हणाली. "मागे माणसं थांबलीत."

ठेवला.